जिम्नीचे बोल्ट-ऑन रॉक स्लायडर घरीच बसवले: पाईप दणकट, भोकांनी वैताग दिला

आधी एक सांगून टाकतो, कारण विचारणारे सगळे इथेच गोंधळतात. रॉक स्लायडर म्हणजे दगडावर गाडी घासली तर दाराखालचा भाग वाचवणारा जाड लोखंडी पाईप, पण बाजारात त्या नावाने जे विकतात त्यातली बरीचशी नुसती फूटस्टेप असते, काळी पावडर कोटिंग मारलेली आणि पातळ पट्ट्यांवर लटकवलेली. आजी-आजोबांना गाडीत चढायला मस्त, पण दगडावर गाडी टेकली की ती वर वाकते आणि दाराखालचा पत्रा पण सोबत चेपते, म्हणजे नसती तर बरं झालं असतं अशी गत. खरा स्लायडर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला धरतो. विकत घेताना पाईप बघू नका, पाईप सगळ्यांचा जाडच दिसतो, चासीला पकडणारे ब्रॅकेट बघा, किती आहेत, प्लेट किती जाड आहे, पाठीमागून दुसरी प्लेट येते का ते बघा.

आता मारुतीच्या जिम्नीलाच याची एवढी गरज का? 5 दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2590 मिमी, परदेशात मिळणाऱ्या 3 दारांच्या जिम्नीचा 2250. ग्राउंड क्लिअरन्स तोच 210 मिमी, मग पोट मधे टेकणारच ना राव. कंपनीचाच आकडा आहे, रॅम्प ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता गाडी किती टोकदार उंचवटा ओलांडते तो कोन, 24 अंश, आणि 2020 च्या थारचा 27. पुढून चढायचा कोन 36 आणि मागून उतरायचा 50 असल्यामुळे नाक-शेपटी सहज निघून जाते आणि मार बसतो तो मधल्या भागाला. वेल्हे, मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर पावसाळ्यानंतर चाकोऱ्या अशा खोल होतात की एक चाक खाली उतरलं की बाजूचा काळा दगड थेट दाराखाली येतो, आणि तिथला सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची कड, चेपला की डेंटिंगवाला पण हात वर करतो, कारण तिथे आत पत्र्याचे दोन-तीन थर असतात आणि मागून ठोकायला जागाच नसते.

तर मी घेतले ते पुण्याजवळच्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून. नाव देत नाही, खाली तक्रार पण आहे आणि माणूस कष्टाळू आहे. जोडीचे 25 हजारांच्या आसपास पडले. पाईप 40 एनबी (हे पाईपचं नाममात्र माप) सी क्लास (जाड भिंतीचा), म्हणजे बाहेरून 48.3 मिमी आणि जाडी 4 मिमी, बी क्लास 3.2 ची येते, आणि हे त्याने आपणहून सांगितलं, कापलेला तुकडा हातात दिला, मला तिथेच माणूस आवडला. मागच्या टोकाला पाईप बाहेर वळवलाय, झाडाला किंवा दरडीला घासलं तर गाडीची शेपटी बाहेर ढकलली जावी म्हणून. वेल्डिंगचा टाका सलग आणि सारखा, कुठे थुंकल्यासारखे गोळे नाहीत. एका बाजूचं वजन साधारण 20 किलो, म्हणजे दोन्ही मिळून 1200 किलोच्या गाडीवर एक बारकं पोरगं कायमचं बसवल्यासारखं, चढाला किंचित जाणवतं, बाकी काही नाही.

बसवणं सोसायटीच्या पार्किंगमधेच केलं. वॉचमन काका येऊन विचारून गेले, "साहेब, गाडीला रेलिंग बसवताय काय?" ड्रिलिंग नाही, वेल्डिंग नाही, ब्रॅकेट चासीच्या बाहेरून लागतो, आतून दुसरी प्लेट, आणि मधे चासी आवळून एम12 चे (12 मिमी जाडीचे) 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) बोल्ट. सामान म्हणाल तर रॅचेट, 19 चा सॉकेट (काही बोल्टांना 18 लागतो, दोन्ही ठेवा), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), ट्रॉली जॅक, आणि गाडी उचलणार असाल तर जॅक स्टँड, विटांवर गाडी ठेवून खाली शिरायचा शहाणपणा कृपया नको. खरंतर गाडी न उचलता पण होतं, आडवं पडून हात पोचतो, पण 20 किलोचा लोखंडी सांगाडा छातीवर घेऊन बोल्ट शोधायचा तर दुसरा माणूस पाहिजेच. माझा भाचा होता. नाहीतर ट्रॉली जॅकवर लाकडाची फळी ठेवून त्यावर स्लायडर टेकवा आणि हळूहळू वर घ्या.

खरी मेहनत बोल्ट आवळण्याच्या आधीची आहे. चासीच्या कडेने ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची लाईन, वायरिंग जातं, आतली प्लेट सरकवताना यातलं काहीही खाली दबलं तर ते लगेच कळत नाही, कळतं ते नंतर भलत्याच जागी. टॉर्च मारून प्रत्येक प्लेटच्या मागे बोट फिरवायचं, नळी मोकळी हलते का बघायचं, मगच आवळायचं. प्लेट बसते तिथली माती खरवडून काढायची आणि गंजरोधक रंगाचा हात मारायचा, कारण प्लेटखाली पाणी धरलं की कोकणच्या दोन पावसाळ्यांत चासीच खाल्ली जाईल. आधी सगळे बोल्ट हाताने ढिले लावायचे, मग सगळ्या ब्रॅकेटवर आळीपाळीने थोडं थोडं, शेवटी 80 न्यूटन मीटरच्या आसपास. एकच ब्रॅकेट आधी पूर्ण आवळलात तर बाकीचे जुळता जुळणार नाहीत.

आणि तक्रार ती इथेच. ड्रायव्हर बाजूचं सगळं लोण्यासारखं बसलं, दुसऱ्या बाजूला मागच्या ब्रॅकेटच्या दोन भोकांना पावडर कोटिंगचा जाड थर होता आणि वर एक भोक दीडेक मिमी सरकलेलं. गोल कानस घेऊन घासत बसावं लागलं, घासलेल्या जागी परत रंग, त्यात अख्खी दुपार गेली. फोन केल्यावर "जिगमधे थोडं इकडे तिकडे होतं सर" हे उत्तर (जिग म्हणजे भोकं जुळवायचा साचा). अरे पण 25 हजार घेतोस ना बाबा! सोबत बसवायचा कागद पण नाही, व्हॉट्सॲपवर दोन अंधारे फोटो. नवख्या माणसाला एवढ्यावर सोडणं बरोबर नाही.

बॉडी आणि स्लायडरच्या मधे साधारण दोन बोटं जागा ठेवलीये ती मात्र त्याने नीट विचार करून ठेवलीये. बॉडी चासीवर रबरांवर बसलेली असते, खडबडीत वाटेवर गाडीला पीळ पडला की दोघं वेगवेगळे हलतात, चिकटवून बसवलं असतं तर दर खड्ड्याला कट्ट आवाज आणि वर रंग गेला असता. बसवल्यावर ट्रॉली जॅक थेट स्लायडरच्या मधोमध लावून गाडी उचलली, दोन्ही चाकं हलकी झाली तरी पाईप आणि सिलमधली फट तेवढीच राहिली, दार नेहमीसारखं उघडलं-मिटलं. कुणाचाही स्लायडर घ्या, ही परीक्षा दुकानातच करून दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर निघा. त्यानंतर मुळशीकडे एका ओढ्यात उजवी बाजू चांगली खर्रकन घासली, खालची पावडर कोटिंग निघाली, पाईपला चरा पडला, सिल जसा होता तसा. चऱ्यावर काळा स्प्रे मारला, झालं.

बोल्ट स्टीलचे, म्हणजे न गंजणारे एसएस टाकू का असं बरेच जण विचारतात. नको. नेहमी मिळणारा ए2-70 एसएस बोल्ट 8.8 पेक्षा कमी ताकदीचा असतो, झिंक कोटिंगचे 8.8 च टाका आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे). पाचशेक किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क तपासा, माझे दोन बोल्ट थोडे फिरले.

आरटीओ आणि वॉरंटीचं विचाराल तर, 2017 च्या डिसेंबरात केंद्राने बुलबार आणि क्रॅशगार्डवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला सांगितलं होतं, तेव्हापासून गाडीला बाहेरून लावलेल्या लोखंडाकडे पोलिसांचं लक्ष असतं. स्लायडर गाडीच्या रुंदीच्या बाहेर फार आलेला नसेल तर सहसा कुणी बघत नाही, पण बघितलंच तर वाद घालण्यात अर्थ नाही. बोल्ट-ऑनचा फायदा हाच की सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येतो, आणि गाडी विकताना चासीवर वेल्डिंगचा डाग नसतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा भोकांचा कापला, अर्धा कागदाचा आणि अर्धा त्या "इकडे तिकडे होतं सर" चा.