म्हाताऱ्या घोडीचं कुशिंग आणि चेस्टबेरी पावडर: उन्हाळा ते दिवाळी वापरून

आमची काठेवाडी घोडी विशी ओलांडलेली, वरातीचं काम कधीच बंद. सोलापुरात एप्रिलच्या उन्हात माणसं सावली शोधतात आणि हिच्या पोटाखाली लांब कुरळे केस, गळायचं नावच नाही. पाणी बादलीवर बादली, पाठ खपाटीला, पोट सुटलेलं. डॉक्टरांनी रक्त बर्फात घालून पाठवलं. एसीटीएच हे संप्रेरक वाढलेलं निघालं, म्हणजे कुशिंग. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आवर घालणारं डोपामिन कमी पडतं, म्हणून हे होतं. बरं होत नाही, आटोक्यात ठेवायचं.

डोपामिनचं काम करणारं परगोलाइड हे औषध सुरू करण्याआधी, डॉक्टरांना सांगून, चेस्टबेरी पावडर दिली. आपल्या निर्गुडीच्याच कुळातली. नुसती दिली की नाक फेंदारून बाजूला; लसूणघासाच्या कुट्टीत कालवली तेव्हा गेली. केस थोडे सुटले, बाकी तहान तीच, रिपोर्टचा आकडाही तोच. 2002 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी याच अर्काची परगोलाइडशी तुलना केली होती, त्यातही अर्काने आजार हलला नव्हता. पाचपैकी दीड तारा, तोही केसांसाठी.

खरा गुण आला तो बिनबाटलीच्या उपायांनी. अंगावरचे केस मशीनने उतरवले, त्याच दुपारी धाप कमी झाली. वाळलं गवत गार पाण्यात तासभर भिजवून, पाणी ओतून मगच घालते. त्याने गवतातली साखर उतरते; या आजारात साखर खुरांना बाधते. उन्हाळ्यात ते लगेच आंबतं, म्हणून लागेल तेवढंच भिजवायचं. नळाला रोज पाणी नसताना हे जिवावर येतं, ते पाणी मी कडुनिंबाला घालते. उसाचं वाढं, चंदीतला हरभरा, गूळ सगळं बंद. या जिल्ह्यात वाढं फुकट मिळतं, तेच कठीण! आल्यागेल्याला घोडीच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची हौस असते, त्यावर शेजारी रुसलेत.

पावसाळ्यात एकदा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी राहिली, खूर हाताला गरम. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज. मग मात्र परगोलाइड सुरू केलं. सुरुवातीला खाणं सुटलं, डॉक्टरांनी मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. दिवाळीपर्यंत पाणी पिणं निम्म्यावर आलं, चालही मोकळी झाली. गोळी रोज चालू आहे, भिजवलेलं गवतही. नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो, खुराचं टोक आखूड ठेवतो. पावडरचा उरलेला डबा कुणाला हवा असेल तर घेऊन जा.