ट्रॅकच्या गाडीतला एसी काढून घेताना गाडीमालक कुठे फसतो

रेसच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी गाडी हलकी करायला घेतली की एसीचा नंबर लवकर लागतो. काम फार अवघड नाही, पण फसवणाऱ्याला सोयीचं आहे. गॅस दिसत नाही, आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते आणि कमी झालेलं वजन नुसतं बघून कळत नाही. गॅरेजवाला सांगेल ते मान्य करून पैसे दिले जातात, आणि पुढे ट्रॅकवर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की काय काय झालेलंच नाही ते कळतं.

गॅसपासून सुरुवात होते. बिलावर ‘गॅस रिकव्हरी’, म्हणजे गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सर्व्हिस पोर्टची (गॅस भरायच्या तोंडाची) पिन दाबून गॅस हवेत सोडून दिलेला असतो. आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीतला गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० पट जास्त तापमानवाढ करतो, म्हणून तो असा सोडायला अनेक देशांत कायद्यानेच बंदी आहे. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो. द्रव बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर इजा ठरलेली. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ पेटूही शकतो. याच्या उलट प्रकारही चालतो: गॅस कधीच गळून गेलेला असतो, तरी रिकव्हरीचे पैसे लावले जातात.

म्हणून पाना लावण्याआधी, इंजिन थंड आणि बंद असताना, समोर गेज लावायला सांगा. हवा ३० अंशांची असेल आणि आत आर-१३४ए असेल, तर गेजच्या दोन्ही बाजूंना (जास्त आणि कमी दाबाच्या) साधारण ६.७ बार दाब दिसतो. काटा शून्यावर असेल तर काढण्यासारखं काही नाही. मात्र दाब बरोबर आला म्हणजे गॅस पूर्ण आहे असं समजू नका, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. गॅस किती होता हे फक्त वजनावरून कळतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. लहान गाडीत बहुधा ४०० ते ७००. रिकव्हरी मशीनच्या पडद्यावर किती ग्रॅम आले, ते तिथेच उभं राहून बघा आणि बिलावर लिहून घ्या.

वजनाच्या बाबतीत तर सर्रास थापा चालतात. ‘तीस-चाळीस किलो कमी होतील’ असं सांगितलं जातं. लहान गाडीत कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) ५ ते ७ किलोचा आणि कंडेन्सर (रेडिएटरपुढची गॅस थंड करणारी जाळी) २-३ किलोचा असतो. कॉइल, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी), पाइप आणि ब्रॅकेट धरूनही बेरीज १५ ते २० किलोंच्या आसपास थांबते. ती फुगवायची युक्ती सोपी आहे. आधीचं वजन टाकी भरलेली असताना करायचं आणि नंतरचं २० लिटर कमी असताना. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जवळपास भरतं, म्हणजे एकही बोल्ट न काढता १५ किलो ‘कमी’. दोन्ही वेळा टाकीची पातळी, स्टेपनी आणि जॅक सारखंच ठेवा. त्याहून खात्रीचं म्हणजे निघालेला प्रत्येक भाग वेगळा तोलून घेणं. ताकद वाढेल या बोलण्यालाही भुलू नका. क्लचवाल्या कंप्रेसरची, म्हणजे जो एसी लावल्यावरच पुलीला जोडला जातो त्याची, पुली एसी बंद असताना नुसतीच फिरते, इंजिनवर तिचा भार नगण्य असतो.

कूलिंग कॉइल काढायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग इथे असतो, म्हणून इथेच हात आखडला जातो: पुढचे पाइप कापायचे, कॉइल आत तशीच ठेवायची आणि पैसे पूर्ण घ्यायचे. इंजिनच्या बाजूने फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा. पाइपांची दोन तोंडं किंवा ती जोडलेला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा ठोकळा) तिथे दिसत असेल तर कॉइल आतच आहे. ती खरोखर निघाली असेल तर ते भोक पत्र्याची पट्टी आणि सीलंट लावून बंद झालं पाहिजे. फोम कोंबलेला चालणार नाही, इंजिनकडची आग आणि धूर थेट चालकाकडे येतो. काही गाड्यांत कॉइलचा डबा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) आणि हीटर यांच्या मधोमध असतो. त्याच्या जागी जोडनळी बसवली नाही तर काचेवर हवाच येत नाही. हीटर काढू देऊ नका. एसी गेल्यावर पावसात काच साफ ठेवायला तेवढाच उरतो.

सगळ्यात महाग पडतो तो बेल्ट, इंजिनच्या जोरावर कंप्रेसर आणि वॉटर पंप फिरवणारा पट्टा. कंप्रेसर काढला की त्याच जागी आयडलर (नुसतीच फिरणारी) पुली लावायची, नाहीतर आखूड बेल्ट वेगळ्या वाटेने फिरवायचा. बेल्टवर मापही छापलेलं असतं: ६पीके१७५० म्हणजे सहा खाचांचा, १,७५० मिलिमीटर लांब. आयडलरचे पैसे वाचवायला हाताला येईल तो बेल्ट चढवला तर इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीला पुरेसा वेढा मिळत नाही, आणि जास्त आरपीएमला तो घसरतो. खाचांच्या बाजूऐवजी पाठीने फिरवला तर पंप उलटा फिरतो! आधीचा आणि नंतरचा मार्ग कागदावर काढून घ्या. ‘गॅस काढलाय, कंप्रेसर राहू दे’ ही पळवाटही नको. क्लच नसलेल्या कंप्रेसरचा दांडा बेल्टबरोबर कायम फिरतो, आणि गॅसबरोबर फिरणारं तेल मिळालं नाही की तो जाम होतो.

चालू कंप्रेसरला विक्रीची किंमत असते, त्यामुळे तो बदलून जुना मेलेला परत देतात. आधीच त्याच्या नंबरपट्टीचा फोटो काढून ठेवा, आणि काढल्याबरोबर तोंडांना टोपणं लावायला सांगा. आतलं पीएजी तेल (कंप्रेसरचं वंगण) हवेतली ओल ओढून घेतं.

कंडेन्सरबरोबर त्याचा फॅनही ‘एसीचा आहे’ म्हणून काढला जातो. दोन फॅनच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन जास्त तापलं की दोन्ही लागतात. कंडेन्सर गेल्यावर रेडिएटरच्या कडेला फटी राहतात आणि हवा तिथूनच निसटते, त्यासाठी पत्र्याचे आडोसे लागतात. गॅसचा दाब मोजणाऱ्या प्रेशर स्विचची वायर कापलेली असेल तर काही गाड्यांत फॅनचं नियंत्रणच बिघडतं. कनेक्टर काढून नीट बांधलेला हवा. उरलेले पैसे देण्याआधी गाडी जागेवर चालू ठेवा आणि फॅन आपोआप लागून पुन्हा बंद होईपर्यंत थांबा. निदान दोनदा तरी असं होऊ द्या, आणि त्या वेळी बेल्टकडेही लक्ष ठेवा.