डांबराखालचा पत्रा: बसच्या फ्लोअरच्या कामात झालेली फसवणूक

जुनी बस घेऊन तिची फिरती खानावळ किंवा राहण्याची गाडी करून घेणारे गोव्यात हल्ली बरेच दिसतात. त्यांच्यापैकी कुणाचं फ्लोअरचं काम अजून व्हायचं असेल, तर माझं काय झालं ते आधी वाचा.

आमची गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. खारी हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. मुलांच्या बुटांबरोबर आत आलेलं पाणी रबरी मॅटखाली मुरतं, चाकांनी उडवलेलं खालून लागतं, आणि पत्रा दोन्ही बाजूंनी कुजतो. सीट काढल्या तेव्हा प्रत्येक बोल्टाभोवती गंजाची चकती होती, आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी तळहाताएवढ्या भोकातून खालचा रस्ता दिसत होता.

फोंड्याजवळच्या एका गॅरेजात काम दिलं. ठरलं ते असं: कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, 16 गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) नवा पत्रा सलग वेल्ड करायचा, जोडांवर सीलर, दोन्ही बाजूंनी प्रायमर, शेवटी खालून डांबरी कोटिंग. 45,000 रुपये, निम्मे आगाऊ. "पात्रांव, दहा वर्षं खाली वाकून बघायची गरज नाही," असं गॅरेजचा मालक म्हणाला. पात्रांव म्हणजे गोव्याच्या बोलीत शेठ. काम चालू असतानाचे फोटो मागितले, तर मोबाइल बिघडलेला. गाडी हातात आली तेव्हा खालून काळीभोर, आतून प्लाय आणि त्यावर नवंकोरं विनाइल. उरलेले पैसे दिले.

जुलैत ओट्याजवळ पाय ठेवला की प्लाय दबायला लागला. उचकटून पाहिलं तर पत्रा कुठेच कापलेला नव्हता. मोठ्या भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा पॉप रिव्हेटने ठोकलेला. डब्यावरची छापील अक्षरंसुद्धा अर्धवट वाचता येत होती. लहान भोकांत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर फायबर आणि पुट्टी. पुट्टी पाणी धरते, त्यामुळे खालचा गंज आणखीच फोफावलेला. नख लावलं की पापुद्रे निघत. कहर म्हणजे पाणी निघून जायची मूळची भोकंही डांबराने बुजवलेली.

जाब विचारला तर "कन्व्हर्टर मारलाय, गंज मेला." रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर मारायचं रसायन, खोटा नसतो. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाच्या वरच्या थराचं टिकाऊ संयुगात रूपांतर करतं. पण त्याआधी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर फिरवून सुटा गंज काढावाच लागतो, आणि पत्र्याला आरपार पडलेलं भोक तो भरून देत नाही. शेवटी मालकाचं उत्तर आलं, "तुम्ही गाडी दर्यावर नेली असणार." आता गोव्यात गाडी दर्यापासून किती लांब ठेवायची?

दुसऱ्यांदा काम डिचोलीच्या एका मेस्ताकडून, म्हणजे कारागिराकडून, करून घेतलं. वेल्डिंगच्या आधी त्याने बॅटरीच्या वायरी काढल्या. वेल्डिंगच्या उष्णतेने खालचा रंग जळतो, म्हणून टाके घासून तिथे परत प्रायमर मारला. प्लाय टाकण्याआधी त्याने स्वतःच बोलावून फ्लोअर दाखवला. ठरलेल्या पैशांपैकी मोठा हप्ता मी याच टप्प्याला बांधला होता. सगळं झाकून झाल्यावर तपासायला काही उरत नाही. लोहचुंबक पुट्टीवर चिकटत नाही, तेवढी परीक्षा करावी. पण डब्याच्या पत्र्यावर तो चिकटतो, म्हणून जाड स्क्रूड्रायव्हरने ठोकूनही बघावं आणि खाली घुसून टाके सलग आहेत का ते पाहावं. डांबर मारण्याआधी, अर्थात.

बिलाचं म्हणाल, तर मला वहीचा अर्धा कागद मिळाला होता, त्यावर "फ्लोर काम" आणि आकडा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करताना कामाला आले ते यूपीआयचे व्यवहार आणि 16 गेजचा उल्लेख असलेले व्हॉट्सॲपवरचे निरोप. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो होतो. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

तक्रार चालू आहे. मालक माझा फोन घेत नाही, चवथीच्या शुभेच्छा मात्र न चुकता पाठवतो. त्याही मी स्क्रीनशॉट काढून ठेवल्यात. नंबर चालू असल्याचा तेवढाच पुरावा.