अ‍ॅलेक्स जोन्सचे ‘इन्फोवॉर्स’: काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

टेक्ससमधील ऑस्टिन शहरातून प्रसारित होत आलेल्या ‘इन्फोवॉर्स’ या कटकारस्थानांचे दावे करणाऱ्या कार्यक्रमाचे जुने भाग आणि त्याचा चालक अ‍ॅलेक्स जोन्स याच्यावरील खटल्यांच्या चित्रफिती गेले काही महिने मी बरोबरीने ऐकत आलो आहे. नुसते भाग ऐकले तर हा माणूस एवढा वर कसा चढला ते समजते. त्यासाठी इतरांना काय भोगावे लागले, ते मात्र न्यायालयातच उलगडते.

जोन्सला बोलता येते, हे मान्यच करावे लागेल. १९९०च्या दशकात स्थानिक केबल वाहिनीवर बोलणारा हा तरुण रेडिओवर आला, १९९९मध्ये तिथली नोकरी गेल्यावर घरूनच प्रसारण करू लागला आणि ११ सप्टेंबर २००१चे हल्ले सरकारनेच घडवून आणल्याचे सांगत देशभर पोहोचला. डिसेंबर २०१५मध्ये तर अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले डोनाल्ड ट्रम्प त्याच्या कार्यक्रमात आले होते.

नियमित ऐकू लागल्यावर माझे लक्ष बातम्यांपेक्षा जाहिरातींकडे जाऊ लागले, कारण भीती आणि विक्री यांची सांगड तिथे उघड दिसते. पाण्यात काहीतरी मिसळले जात आहे असे सांगायचे आणि पाणी गाळण्याची उपकरणे विकायची. देश कोसळणार म्हणायचे आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या अन्नाच्या बादल्या पुढे करायच्या. २०१८मध्ये एखाद्या दिवशी ही विक्री ८ लाख डॉलरपर्यंत गेल्याचे खटल्यात पुढे आले. करोनाच्या साथीत चांदीयुक्त टूथपेस्ट विषाणूवर गुणकारी म्हणून खपवल्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला ताकीद दिली होती.

सँडी हूकविषयीचे भाग ऐकणे मला फार जड गेले. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील या शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी गोळीबारात मारले गेले. ते सारे नाटक असून पालक म्हणजे भाडोत्री नट आहेत, असे जोन्स वर्षानुवर्षे सांगत राहिला. रॉबी पार्कर हे आपल्या एमिली या मुलीविषयी बोलण्यासाठी कॅमेऱ्यासमोर येताना क्षणभर हसले होते. शोकाकुल घरातही ओळखीचे कोणी भेटले की माणसाच्या चेहऱ्यावर असे हसू उमटते, हे आपण सगळेच जाणतो; जोन्सने मात्र तेवढाच तुकडा पुरावा म्हणून दाखवला. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी पालकांना धमक्या दिल्या आणि काही कुटुंबांना घरे बदलावी लागली.

ऑगस्ट २०१८मध्ये अ‍ॅपल, फेसबुक, यूट्यूब यांनी त्याला हटवले, पण त्याचे दुकान चालूच राहिले. त्याला खरा तडाखा बसला तो न्यायालयांत, सँडी हूकच्या कुटुंबांनी टेक्सस आणि कनेक्टिकटमध्ये भरलेल्या बदनामीच्या खटल्यांत. मागितलेली कागदपत्रे तो देईना, म्हणून दोन्ही राज्यांतील न्यायाधीशांनी त्याला थेट जबाबदार धरले आणि ज्यूरीपुढे केवळ भरपाईची रक्कम ठरवणे उरले. ऑगस्ट २०२२मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर ठरवले, तर ऑक्टोबरमध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी ५० लाख, ज्यात न्यायाधीशांनी नंतर दंडात्मक रकमेची भर घातली. त्याच वर्षी त्याची कंपनी आणि तो स्वतः दिवाळखोरीत गेले, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील ऐकण्यास नकार दिला.

ऑस्टिनमधील उलटतपासणी कोणीही चुकवू नये. जोन्सच्या वकिलांकडून त्याच्या फोनमधील संदेशांची प्रत चुकून विरुद्ध पक्षाकडे गेली होती, हे पालकांचे वकील मार्क बँकस्टन साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच त्याला सांगतात. सँडी हूकविषयी आपल्या फोनवर काहीच सापडले नाही, असे त्याने आधी शपथेवर सांगितले होते. गोळीबार शंभर टक्के खरा होता, हेही त्याने याच साक्षीत मान्य केले.

ज्यांना हे प्रसारण समजून घ्यायचे आहे, त्यांनी सुरुवात नील हेस्लिन यांच्या साक्षीने करावी आणि जोन्सचे भाग त्यानंतर ऐकावेत. सहा वर्षांच्या जेसीचा गोळी लागलेला देह आपण हातांत घेतला होता, हे या बापाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण ‘इन्फोवॉर्स’ने त्यावरही शंका घेतली होती. ते साक्ष देत होते तेव्हा जोन्स न्यायालयात नव्हता. तो आपल्या कार्यक्रमात बोलत होता.