तळ्याच्या बांधाची तपासणी करून घेतली, ४ स्टार (एक स्टार रिपोर्टपायी कापलाय)

आम्ही कळंबकडचे. आजोबांनी वावरातल्या ओढ्यावर घातलेला मातीचा बांध आहे, खाजगी, सातबारा आमचाच, उंची ८ मीटरच्या आसपास. सप्टेंबर २०२५ च्या पावसात पाणी माथ्याच्या हातभर खाली येऊन थांबलं, खालच्या वस्तीनं रात्र जागून काढली, मग दिवाळी झाल्यावर लातूरच्या एका कन्सल्टन्सीला बोलावलं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले साहेब आणि सोबत लेव्हल मशीनवाला पोरगा, एवढीच टीम.

माणूस कामाचा आहे. आल्या आल्या बांधावर न चढता सरळ पायथ्याला गेले, पाझर निघतो तिथं बिसलेरीची बाटली भरली आणि उन्हात धरून बघत बसले. पाणी नितळ आलं. म्हणले पाझर असणारच, मातीचा बांध आहे, पण ज्या दिवशी गढूळ दिसंल त्या दिवशी आतली माती वाहायला लागली समजा, रात्री २ वाजता पण फोन करा. बांधावरच्या बाभळी उपटू नका म्हणले, मुळ्या आत सडल्या की पाण्याला आयती नळी मिळती, बारक्या आहेत तोवरच काढायच्या होत्या, आता मोठ्यांचं बघून करू. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट असते तिथं, चुलतभावानं मुरमाची पोती रचलेली, फूटभर पाणी जास्त थांबावं म्हणून, ती मात्र तिथंच उभं राहून काढायला लावली. हातभर अंतर का राहिलं होतं ते तवा कळलं!

आता वर्गवारीचं. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आपण बसतच नाही, तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, नाहीतर १० ते १५ मधल्या, पण तिथं लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असली एखादी अट लागते. त्यामुळं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. तरी साहेबांनी बांधाला हाय हॅझर्ड लिहिलं. भाऊ लई तापला, बांध ठणठणीत म्हणता आणि वर धोकादायक कसं काय? तर ही वर्गवारी बांध किती पक्का याची नसतीच, फुटला तर खाली कोण सापडतं याची असते. आजोबांच्या काळात खाली नुसती ज्वारी होती, आता ओढ्याच्या काठानं घरं झालीत आणि अंगणवाडी पण. बांध तोच, वर्ग बदलला. त्यांनी चिपळूणच्या तिवरेचं नाव काढलं, २ जुलै २०१९ ची रात्र, मातीचंच धरण फुटलं, वीसच्या वर माणसं गेली. भाऊ गप्प.

खटकलं ते असं की रिपोर्ट यायला महिना लागला आणि सगळा इंग्रजीत, ज्या वस्तीसाठी केला तिथं कुणाला वाचता येईना. मराठीत दोन पानं मागितली तर त्याचे वेगळे पैसे सांगितले, हे बरं नाही. फी १८ हजार आणि गाडीभाडं वेगळं, आधी बोलून घ्या. सांडवा रुंद करायचं डिझाईन या फीमध्ये येत नाही, ते पुढचं कोटेशन.

तळं भरलेलं असतानाच बोलवा, कोरड्यात पाझर दिसत नाही. आमची पोती परत रचली गेलीत का ते बघायला जूनमध्ये फुकट चक्कर मारतो म्हणलेत, आले तर पाचवा स्टार देतो.