गोरिलीझर: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

गोरिलीझर म्हणजे गो भाषेतल्या प्रोग्रामचं बिल्ड आणि रिलीज आपोआप करणारं साधन. आमच्या कमांड लाइन टूलचं रिलीज आधी मेकफाइल आणि शेल स्क्रिप्टच्या जिवावर चालायचं. लिनक्स, विंडोज, मॅक, प्रत्येकाची एएमडी६४ आणि एआरएम६४ (प्रोसेसरचे दोन प्रकार), अशा ६ बायनरी, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइली. वर फाइल शाबूत आहे का ते तपासायचे चेकसम, आणि डेब, आरपीएम ही लिनक्सची पॅकेजेस. आता त्याजागी गोरिलीझरची एक यॅमल (सेटिंगची) फाइल आहे. टॅग पुश केला की सगळं गिटहबवर चढतं.

पण बसवण्याआधी डिपेंडन्सी तपासा, कारण सगळी मदार सीजीओवर, म्हणजे गोमधून सी भाषेतला कोड वापरायच्या सोयीवर आहे. ते बंद असेल तर एकाच लिनक्स रनरवर सहाही बायनरी निघतात आणि ग्लिबसीच्या (लिनक्सवरची सी लायब्ररी) आवृत्तीचं लचांडही उरत नाही. गो-एसक्यूलाइट३ (सीजीओ लागणारी एसक्यूलाइट डेटाबेसची लायब्ररी) वापरत असाल तर मात्र फसगत ठरलेली. सीजीओ बंद असतानाही बिल्ड बिनबोभाट होतो, टेस्ट सीजीओ चालू ठेवून झालेल्या असतात म्हणून त्याही हिरव्या, आणि डेटाबेस उघडायला गेलं की कळतं आत नुसता स्टब, म्हणजे पोकळ सांगाडा आहे. शुद्ध गोमध्ये असलेलं मॉडर्नसीचं एसक्यूलाइट घ्या. थोडं हळू आहे, पण छोट्या टूलला पुरतं.

पाइपलाइनमध्ये फेच-डेप्थ ० ठेवा, म्हणजे गिटचा सगळा इतिहास येतो. चेकआउट एरवी एकच कमिट आणतो, मग चेंजलॉग कशावरून बनणार? एलडीफ्लॅग्ज (बिल्ड करताना लिंकरला द्यायच्या सूचना) स्वतः लिहिलेत तर मूळचे पुसले जातात. व्हर्जनची ओळ परत घालायची राहिली की टूल आपली आवृत्ती ‘डेव्ह’ सांगत बसतं. होमब्रू या मॅकच्या पॅकेज मॅनेजरचा टॅप (आपल्या पॅकेजची यादी) वेगळ्या रेपोत असतो आणि वर्कफ्लोचं नेहमीचं टोकन तिथे चालत नाही. हे उघड होतं अगदी शेवटी: बायनरी प्रकाशित, टॅप मात्र जुनाच.

खरी डोकेदुखी मॅकची. गोरिलीझर २.१० पासून होमब्रूचा फॉर्म्युला मागे पडून कास्क (तयार बायनरी बसवणारा पॅकेजचा प्रकार) आला, आणि कास्कमधून आलेल्या फाइलला क्वारंटाइनचा (बाहेरून डाउनलोड झाल्याचा) शिक्का लागतो. सही नसेल तर मॅकचा सुरक्षा-पहारेकरी गेटकीपर अडवतो. गोचा लिंकर एआरएम६४ साठी अ‍ॅड-हॉक (ओळखपत्राशिवायची) सही करतो, पण गेटकीपरला ती पुरत नाही. अ‍ॅपलचं वर्षाला ९९ डॉलरचं खातं असेल तर सही आणि नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून तपासून घेणं) दोन्ही लिनक्सवरूनच उरकतात. ही सोय गोरिलीझरच्या फुकट आवृत्तीत आहे, हे विशेष. खातं नसेल तर कास्कच्या हुकमध्ये एक्सअ‍ॅटर ही कमांड चालवून शिक्का काढावा लागतो. जुगाडच तो.

विंडोजचा एमएसआय (इन्स्टॉलर) हवा तर गोरिलीझरच्या प्रो आवृत्तीचे पैसे मोजा. स्कूप (विंडोजचा पॅकेज मॅनेजर) आणि झिपवर आमचं भागतं. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर स्नॅपशॉट (प्रकाशित न होणारा) बिल्ड चालवा, आणि डिस्ट फोल्डरमधली बायनरी एकदा खरोखर सुरू करून बघा.