कमी उन्हाची गॅलरी: मेथी की अळू?

आमच्या गॅलरीत सकाळी जेमतेम तीन तास ऊन येतं. तेवढ्यावर मेथी येते, पण रोपं उजेडाकडे माना काढून लांबतात, काडी लेचीपेची राहते. महिन्याभरात एखादी जुडी हाती लागते, की पुन्हा पेरणी.

अळूचं तसं नाही. पूर्वी घरामागे मोरीच्या पाण्यावर, सावलीतच तो माजायचा. एक कंद, मोठी खोल कुंडी आणि कायम ओलसर माती. बाहेरची मोठी पानं खुडत राहा, आतून गुंडाळीतलं नवं पान उलगडतंच. त्यावर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात, बघत राहावंसं वाटतं! खाजरा असला तर नीट शिजवा, चिंच सढळ हाताने घाला. माझं मत अळूलाच. अगदी अरुंद खिडकी असेल तरच मेथी.